नॅनोपोअर रनची तयारी: शेवटच्या वॉशला इथेनॉल नको

मागच्या रनमध्ये आठवडाभर जपून काढलेला डीएनए आणि एक अख्खा फ्लोसेल (सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पोअर, असलेली चिप) माझ्या हातून वाया गेला, म्हणून हे लिहून ठेवतेय. मिनायनवर (डीएनए वाचणारं छोटं नॅनोपोअर यंत्र) लायगेशन किटने (डीएनएच्या टोकांना ॲडॅप्टर, म्हणजे छोटे जोड-तुकडे, चिकटवणारं किट) पहिल्यांदा रन लावणार असाल तर निदान इथेनॉलचा भाग तरी नीट वाचा.

फ्लोसेल आला की फ्रिजमध्ये, २ ते ८ डिग्री, फ्रीझरमध्ये चुकूनही नाही. फ्लोसेल चेक लगेच उरकून घ्या, चालू पोअर ८०० च्या खाली निघाले तर मुदतीत कळवलं तरच बदलून मिळतो. डीएनए १ मायक्रोग्रॅम, क्युबिटवर (डीएनएचं प्रमाण मोजणारं यंत्र) मोजलेला. नॅनोड्रॉप (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) फक्त शुद्धता बघायला, शोषणाचं गुणोत्तर २६०/२८० साधारण १.८ आणि २६०/२३० दोनच्या वर. व्होर्टेक्स (ट्यूब जोरात घुसळणारं यंत्र) नको, लांब धागे तुटतात आणि लांब रीड (सलग वाचलेले तुकडे) हव्यात म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. ग्लोव्ह्ज, बर्फ, टिप्स वगैरे सांगत बसत नाही.

आता मुद्द्याचं. या प्रोटोकॉलमध्ये बीड्सने (डीएनए धरून ठेवणारे चुंबकीय मणी) क्लीनअप दोनदा आहे. एंड-प्रेपनंतरच्या (एंड-प्रेप म्हणजे डीएनएची टोकं जोडणीसाठी तयार करणं) पहिल्याला ८० टक्के इथेनॉलने दोनदा धुवायचं. ॲडॅप्टर जोडल्यावरच्या दुसऱ्याला इथेनॉल अजिबात नाही, तिथे किटमधला लाँग किंवा शॉर्ट फ्रॅगमेंट बफर. कारण ॲडॅप्टरवर मोटर प्रोटीन बसलेलं असतं, तेच डीएनएचे दोन धागे उकलून एक धागा सेकंदाला साधारण ४०० बेस (डीएनएची अक्षरं) या बेताने पोअरमधून सोडतं, आणि तो जाताना करंट बदलतो ते आपण वाचतो. इथेनॉलने ते प्रोटीन बिघडतं, मग डीएनए कितीही सुंदर असो, वाचला जात नाही.

मी काय केलं, तर ट्यूब मॅग्नेटवर होती, बीड्सचा तपकिरी ठिपका भिंतीला चिकटलेला, वरचं पाणी नितळ झालं, ते काढलं आणि सवयीने २०० मायक्रोलिटर इथेनॉल घातलं, कारण तासाभरापूर्वी त्याच रॅकवर त्याच पिपेटने तेच केलं होतं. आणि वाईट म्हणजे नंतर क्युबिटवर आकडा चांगला आला! क्युबिट डीएनए मोजतो, मोटर मोजत नाही. रन लावला तर स्क्रीनभर गडद हिरवे चौकोन, म्हणजे पोअर ठणठणीत पण रिकामे, फिका हिरवा (वाचन चालू असलेला) एखाददुसरा. दोन तास मी फ्लोसेललाच दोष देत बसले.

म्हणून पहिला क्लीनअप संपला की इथेनॉलची ट्यूब बेंचवरून उचलून दुसरीकडे ठेवा, नुसती बाजूला सारू नका, उचला. फ्रॅगमेंट बफर आधीच वितळवून समोर ठेवा, ३ केबीच्या (३ हजार बेस) वरचे तुकडे हवे असतील तर लाँग, सगळेच हवे असतील तर शॉर्ट. ट्यूबच्या झाकणावर मार्करने ‘इथेनॉल नाही’ लिहा. अजून एक फरक, या वॉशला बीड्स टिचकी मारून बफरमध्ये पुन्हा मिसळायचे असतात, इथेनॉलसारखं नुसतं वरून ओतून काढायचं नसतं.

प्रायमिंग (लोड करण्याआधी फ्लोसेलमध्ये बफर भरणं) करताना घाई नको. प्रायमिंग पोर्ट उघडलं की आधी पिपेटने २० ते ३० मायक्रोलिटर बफर मागे ओढा, तोंडाशी हवेचा बुडबुडा असतो तो बाहेर आला पाहिजे, कारण हवा पोअरवरून गेली की ते पोअर कायमचे गेले. मग ८०० मायक्रोलिटर प्रायमिंगचं मिश्रण, पाच मिनिटं थांबा, स्पॉटऑनचं (सॅम्पल घालायचं छिद्र) झाकण उघडून पुन्हा २०० प्रायमिंग पोर्टमधूनच. लायब्ररी (ॲडॅप्टर जोडून तयार झालेला डीएनए) ७५ मायक्रोलिटर, स्पॉटऑनमधून थेंब थेंब, आणि लोड करायच्या क्षणी मिसळून घ्या, बीड्स पटकन तळाशी बसतात.

लॅपटॉपचं स्लीप बंद, ऑटो-अपडेट बंद, डिस्क रिकामी, इन्व्हर्टर तपासलेला.

डायरेक्ट आरएनए करणार असाल तर किट वेगळं, नव्या किटला फ्लोसेलही आरएनएचाच लागतो, आणि आरनेजपासून (आरएनए तोडणारं एन्झाइम) जपा. तिथेही ॲडॅप्टरनंतरच्या वॉशला किटमधलाच वॉश बफर, इथेनॉल नाही.

रन झाला की वॉश किटने धुऊन, स्टोरेज बफर भरून फ्लोसेल परत फ्रिजमध्ये, वर तारीख आणि उरलेले पोअर लिहून.