कॉलेजच्या वार्षिकांकात पहिलं लिखाण देताना

सांगली-मिरजेकडच्या कॉलेजांचा वार्षिकांक बहुधा वर्ष संपताना हातात पडतो, पण साहित्य पहिल्या सत्रातच द्यावं. लवकर आलेल्या लेखावर संपादक मंडळ आणि मराठी विभागाचे सर-मॅडम पेन्सिलीने खुणा करून तो परत देतात, पुन्हा लिहून घेतात. शेवटच्या दिवशीच्या गठ्ठ्यावर फक्त ‘घ्या’ नाहीतर ‘राहू दे’ एवढाच शेरा पडतो. नवीन लिहिणाऱ्याला खरी मदत त्या खुणांत असते. लेख छापला नाही तरी तो कागद मागून घ्याच.

पाऊस, आई, मैत्री, मोबाईलचे दुष्परिणाम यांवर दरवर्षी ढीगभर साहित्य येतं आणि सगळं एकसारखं वाटतं. सुट्टीत तासगावकडच्या बेदाणा शेडवर काम करणारी मुलगी ‘शेतकरी जगाचा पोशिंदा’ लिहून देते, तेव्हा फार हळहळ वाटते. लवकर वाळावीत म्हणून डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढलेली आणि जाळीवर पसरलेली द्राक्षं, हाताला राहिलेला तेलकटपणा, आभाळ भरून आलं की शेड झाकायची धावपळ, हे तिच्याइतकं कोण सांगणार? मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाढलेल्याने तिथे सतारीसाठी लागणाऱ्या भोपळ्यांवर लिहावं.

लेख ८०० ते १००० शब्दांचा, कविता २० ओळींच्या आत. अंक साधारण १६ पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गटांत छापतात. दोन पानं वाढली तरी नवा फर्मा लागतो, खर्च चढतो, म्हणून लांबलेला लेख कापला जातो. काय काढायचं ते आधी तुम्हीच ठरवा. बहुतेकदा पहिला परिच्छेद काढला तरी काही बिघडत नाही.

टाइप युनिकोडमध्ये करा आणि सोबत छापील प्रत जोडा. छापखान्यात मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेताना रफार उडतात, ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ फुटतात, कवितेची कडवी एकमेकांना चिकटतात. मूळ प्रत नसेल तर प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी प्रत, ताडायचं कशाशी? प्रूफ दोघांनी तपासावं: एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून पाहायचं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छपाईत तो फुटतो.

नेटवरून उचललेली कविता दिलीत, तर पुढच्या वर्षी तुमचं खरं लिखाणही संशयाने वाचलं जाईल.

अंकाच्या आधी संक्रांत येते. त्या दिवशी पलूस तालुक्यात औदुंबरला कृष्णाकाठी साहित्य संमेलन भरतं, कविसंमेलनही होतं. निदान ऐकायला तरी जा, वही सोबत असू द्या.