जुन्या ब्रिटिश पटकथांवर लिहिताय? या चुका टाळा

फिल्म सोसायटीच्या एका खेळाआधी वाटायच्या टिपणात मी ठोकून दिलं होतं की 'द थर्ड मॅन'मधला कुकू घड्याळाचा संवाद (स्वित्झर्लंडनं पाचशे वर्षांच्या शांततेतून काय दिलं, तर कुकू घड्याळ!) म्हणजे पटकथाकार ग्रॅहम ग्रीनच्या लेखणीची कमाल. खेळ संपल्यावर एका आजोबांनी मला जिन्यात गाठलं. "अहो, ते वाक्य त्यात काम करणाऱ्या ऑर्सन वेल्सनं स्वतः घातलंय. ग्रीननंच तसं सांगून ठेवलंय!" टिपणाच्या ऐंशी प्रती तोवर घरोघरी निघाल्या होत्या. तेव्हापासून दुसऱ्यांची टिपणं तपासायला आली की मी आधी याच जागा बघतो.

सगळ्यात पहिली अडचण आपल्या सवयीची आहे. मराठी-हिंदी सिनेमाच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन खाती वेगळी असतात. त्यामुळे ब्रिटिश सिनेमात 'स्क्रीनप्ले' असं दिसलं की आपण "पटकथा अमक्याची, पण संवाद कोणाचे?" असं विचारतो. तिकडे संवाद सहसा पटकथेतच धरलेले असतात. उलट 'स्टोरी'चा मान स्वतंत्र असू शकतो. एमेरिक प्रेसबर्गरला 'फॉर्टीनाइन्थ पॅरलल'साठी मिळालेलं ऑस्कर कथेचं होतं, पटकथेचं नव्हे. टी. ई. बी. क्लार्कला 'द लॅव्हेंडर हिल मॉब'साठी मिळालं ते कथा आणि पटकथा दोन्हींचं. "ऑस्करविजेता पटकथाकार" असं सरसकट लिहिण्याआधी कोणतं खातं होतं ते बघा.

कादंबरिका वाचून सिनेमावर लिहिणं

'द थर्ड मॅन' (1949) इथे पुन्हा येतो, कारण या एका सिनेमावर सगळ्यात जास्त माणसं घसरतात. ग्रीननं पटकथेआधी ती गोष्ट गद्यात लिहून काढली. पात्रं आणि वातावरण आधी अंगात मुरावं, मग पटकथेला हात घालावा, अशी त्याची पद्धत. ते गद्य 1950 मध्ये पुस्तक म्हणून आलं. ते छापण्यासाठी लिहिलेलंच नव्हतं, असं त्यानं प्रस्तावनेत स्पष्ट केलंय. तरी लोक पुस्तक वाचतात आणि सिनेमाबद्दल लिहितात. पुस्तकात नायक इंग्रज आहे, नाव रोलो मार्टिन्स. पडद्यावर तो अमेरिकन हॉली मार्टिन्स होतो. पुस्तकाच्या शेवटी नायिका ॲना त्याच्या हातात हात घालून चालू लागते. पडद्यावर ती झाडांच्या रांगेतून लांबून चालत येते, त्याच्याकडे न बघता पुढे निघून जाते, आणि हॉली सिगारेट पेटवतो. हा शेवट दिग्दर्शक कॅरल रीडचा. ग्रीन आधी विरोधात होता, नंतर त्यानं रीडचंच बरोबर होतं असं मोकळेपणानं मान्य केलं. माझ्या मते पटकथाकाराचं काम समजून घ्यायला हा वाद सगळ्यात उपयोगी आहे, म्हणून तो एका ओळीत उरकू नका.

(आणि हो, कुकू घड्याळं मूळची जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची, स्वित्झर्लंडची नव्हेत. तो घोळ मात्र वेल्सचा.)

दोन ठिकाणी दोन नावं सापडली तर

घाबरू नका, आधी सिनेमाची प्रत कोणती ते पाहा. 1957 च्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या जुन्या प्रतीत पटकथेसाठी पिएर बूलचं नाव आहे. हा मूळ कादंबरीचा लेखक, लिहायचा फ्रेंचमध्ये. ऑस्करही त्याच्याच नावे गेलं. प्रत्यक्षात काम कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सनचं होतं, पण दोघेही हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांत. 1984 मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं त्यांचा हक्क मान्य केला, पण पुरस्कार प्रत्यक्ष दिला गेला तेव्हा दोघेही हयात नव्हते. नंतरच्या प्रतींत त्यांची नावं दिसतात.

टीव्हीवरही हेच. 1955 पासून आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर लागणाऱ्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'साठी रिंग लार्डनर ज्युनियरसारखे काळ्या यादीतले अमेरिकन लेखक टोपणनावानं लिहीत होते. नामावलीतल्या लेखकाचं दुसरं कुठलंच काम सापडत नसेल, तर ते नाव खरं आहे का, हे आधी तपासा.

दिग्दर्शक मायकेल पॉवेल आणि वर आलेला एमेरिक प्रेसबर्गर या जोडीचं उलटं. "लेखन, निर्मिती, दिग्दर्शन" अशी दोघांची एकत्र पाटी असते. म्हणून प्रेसबर्गर सेटवर निम्मं दिग्दर्शन करत होता असं लिहू नका. सेट पॉवेलचा. कथेचा सांगाडा बहुतेक वेळा या हंगेरीत जन्मलेल्या, बर्लिनमार्गे 1935 मध्ये इंग्लंडला आलेल्या माणसाचा.

टीव्हीला सिनेमाची फूटपट्टी

'कॅथी कम होम' (1966) हे टीव्ही नाटक म्हटलं की दिग्दर्शक केन लोच आठवतो. लेखक जेरेमी सँडफर्डचं नाव गळतं, आणि बेघरांच्या प्रश्नाची माहिती त्यानंच आधी वर्षानुवर्षं जमवली होती. शिवाय "या नाटकामुळे बेघरांसाठी काम करणारी शेल्टर संस्था जन्मली" हे वाक्य कापाच. संस्थेची तयारी आधीच चालली होती. ती प्रक्षेपणानंतर काही दिवसांतच उभी राहिली, इतकंच.

'फॉल्टी टॉवर्स' या विनोदी मालिकेसाठी लेखकांची फौज कल्पू नका. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनी मिळून बारा भाग लिहिले, सहा 1975 मध्ये आणि सहा 1979 मध्ये. संपलं.

सगळ्यात गमतीची चूक एका तरुण मित्राच्या लेखात सापडली. नायजेल नीलनं लिहिलेल्या 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' या टीव्ही मालिकेच्या (1953) अखेरच्या भागातल्या कॅमेऱ्याच्या हालचालींचं त्यानं भरभरून कौतुक केलं होतं. ही सहा भागांची मालिका बीबीसीनं थेट प्रक्षेपित केली आणि तिचे पहिले दोनच भाग चित्रित रूपात उरलेत. शेवटचा भाग आज कोणीच पाहू शकत नाही. वाचता येते ती संहिता. शेवटी वेस्टमिन्स्टर ॲबीत एक राक्षसी जीव दिसतो. त्यासाठी नीलनं हातमोज्यांवर पालापाचोळा आणि चामड्याचे तुकडे चिकटवले, ॲबीच्या मोठ्या छायाचित्राला भोक पाडलं आणि त्यातून स्वतःचेच हात बाहेर काढून हलवले. मित्राचा 'थरारक कॅमेरा' मी खोडला आणि समासात लिहिलं: हातमोजे.