हार्लेचं मागचं चाक डोलतंय? स्टॅबिलायझर घेण्याआधी आणि घेताना

हार्लेच्या टूरिंग (लांबच्या प्रवासाच्या) मोटारसायकलसाठी मागचा स्टॅबिलायझर, म्हणजे मागचा भाग बाजूला डोलू नये म्हणून बसवायची दांडी, घ्यायचा विचार असेल तर आधी गाडीखाली वाकून एक गोष्ट बघा. मागचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) थेट फ्रेमला पक्का बसवलेला नाही. तो गिअरबॉक्सच्या मागच्या अंगातून गेलेल्या शाफ्टवर फिरतो. त्या शाफ्टची दोन्ही टोकं फ्रेममध्ये आहेत, पण रबराच्या बुशांत (कड्यांत). गिअरबॉक्स इंजिनाला बोल्टने जखडलेला, आणि इंजिनही पुढे रबरावरच टेकलेलं. म्हणजे मागचं चाक, स्विंगआर्म, गिअरबॉक्स आणि इंजिन हा एक गठ्ठा. फ्रेम, हँडल, पुढचं चाक आणि वर बसलेले तुम्ही हा दुसरा. दोघांमध्ये फक्त रबर.

१९८० च्या एफएलटी टूर ग्लाइड या मॉडेलपासून कंपनीने टूरिंगसाठी ही मांडणी धरली, आणि त्याला कारण आहे. ४५ अंशांचं व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर), दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनवर, त्यामुळे थरथर जबरदस्त. हार्लेच्याच दुसऱ्या मालिकेला, सॉफ्टेलला, २००० पासून ट्विन कॅम ८८ बी हे थरथर मारणारा बॅलन्सर असलेलं इंजिन मिळालं, ते फ्रेमला घट्ट बसवता आलं. टूरिंगच्या ८८ मध्ये बॅलन्सर नव्हता, तिथे रबराशिवाय दिवसभर बसणं अशक्यच. (म्हणूनच सॉफ्टेलवाल्यांनी हा लेख वाचून खिशात हात घालू नये. त्यांच्या गाडीला हा आजार होतच नाही.)

रबर थरथर गिळतं, पण आडवी लचकही देतं. ती रोखायला कंपनीने दोन दांड्या दिल्या: एक वर, सिलिंडरच्या डोक्यांजवळून फ्रेमला, आणि एक पुढे खाली. इंजिनाला वर-खाली हलू द्यायचं, बाजूला सरकू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. मागच्या बाजूला मात्र अशी दांडी नाही. तिथे आडवा जोर एकटं रबरच झेलतं. बाजारात ट्रू-ट्रॅक, प्रोग्रेसिव्हची टूरिंग लिंक अशा नावांनी जे मिळतं, ती म्हणजे ही राहून गेलेली तिसरी दांडी.

मी राहतो साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला. गाडी २००६ ची रोड किंग. मागे बायको, दोन्ही बाजूच्या बॅगा ठासून भरलेल्या, वर टूर-पॅकमध्ये (सीटमागच्या पेटीत) पावसाळी कोट आणि चिवड्याचा डबा, अशा थाटात आम्ही अॅशव्हिलकडे निघतो. ब्लू रिज पार्कवेवर बहुतेक ठिकाणी वेगमर्यादा ताशी ४५ मैल, तिथे कुठलीही गाडी गुणी वाटते. खरी परीक्षा आय-२६ वर, सॅम्स गॅपच्या आसपास. लांबलचक वळण, ६५ चा वेग, आणि वळणाच्या मधोमध पुलाचा सांधा. पुढचं चाक सांध्यावरून गेलं, मागचं गेलं, आणि त्यानंतर मागचा भाग एकदा बाहेर आणि एकदा आत असा स्वतःच्या मर्जीने डुलतो. गाडीच्या पोटात बिजागरी बसवल्यासारखं वाटतं. हे लक्षण असेल तर स्टॅबिलायझरचा उपयोग होतो.

दुसरं लक्षण याच्याशी हमखास गल्लत होणारं. सरळ रस्त्यावर थ्रॉटल सोडला, वेग ४५-४० वर आला आणि हँडल हातात भरभर थडथडायला लागलं, तर ते दुखणं पुढचं आहे. पुढचा टायर, स्टिअरिंगचं बेअरिंग, टायरमधली हवा तिथे बघायची. फरक ओळखायला सोपं आहे: मागचं डोलणं संथ, सेकंदाला दोन-तीन हेलकावे, आणि ते कमरेला कळतं, पुढची थडथड वेगवान, ती मनगटाला कळते. मनगटाच्या तक्रारीवर मागे दांडी बसवली तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुकानदार मात्र बसवून देतो. इथल्या एका दुकानात माझं लक्षण अर्धं ऐकूनच लिंकचा डबा काउंटरवर आला होता. टायरला कुणी हात लावला नव्हता.

तिसरी एक फसवी गोष्ट. काँक्रीटच्या हायवेवर पाणी वाहून जावं म्हणून लांबीला बारीक चर पाडलेले असतात. त्यावर गाडी सापासारखी वळवळते. ते टायरच्या नक्षीचं आणि चरांचं आपसातलं भांडण आहे, त्यावर इलाज नाही. हँडल सैल धरा आणि पुढे चला.

आता तपासणी. मी ती खर्चाच्या चढत्या क्रमाने करतो, कारण पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच पुष्कळ गाड्या बऱ्या होतात.

टायर थंड असताना हवा मोजा, आणि आकडा टायरच्या भिंतीवरचा नाही, गाडीच्या पाटीवरचा किंवा पुस्तकातला घ्या. भिंतीवर लिहिलेला असतो तो पूर्ण वजनाला लागणारा दाब. मग मागच्या टायरवर आडवा तळहात फिरवा. हायवेवर सरळ चालवून मधला भाग सपाट झाला असेल, तर वळणात शिरताना गाडी त्या कडेवर अडखळते आणि मग एकदम कलते. नक्षी शिल्लक असली तरी असा टायर बाद. भिंतीवरचा चार आकडी शिक्काही वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष.

नंतर शॉक. माझ्या गाडीसारख्या जुन्या टूरिंगला मागे हवेचे शॉक असतात. जोडीने बसायचं आणि हवा एकट्याची, हा प्रकार सर्रास चालतो. मागचा भाग खाली बसला की पुढचं टोक हलकं होतं आणि सगळी गाडीच भरकटते. हवा भरायची ती छोट्या हातपंपाने. शॉकमध्ये हवेची जागा इतकी कमी की पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर क्षणात आतलं सील फोडेल. आणि साधा गेज लावून काढताना निघणारी हवासुद्धा आकडा खाली आणते, म्हणून न गळणारा गेज घ्या. ३५ पीएसआयच्या वर जायचं नाही. दिसायला छान म्हणून कुणी आधीच्या मालकाने आखूड शॉक बसवले असतील, तर स्टॅबिलायझरआधी ते काढा.

सामानाचंही बघा. टूर-पॅक मागच्या आसाच्याही मागे लटकतो. जड वस्तू तिथे ठेवली की प्रत्येक हेलकाव्याला ती जोर देते. हत्यारं बाजूच्या बॅगेत, तळाला, वर कपडे.

स्टिअरिंगच्या बेअरिंगची तपासणी पुस्तकात दिलेली आहे: पुढचं चाक अधांतरी, फोर्क मधोमध, आणि बोटाने हलकेच टिचकी मारत जायचं, तो आपणहून कोणत्या ठिकाणी एका बाजूला पडतो ते मोजायचं. दोन्ही बाजूंची बेरीज पुस्तकातल्या मर्यादेत हवी. आकडा मॉडेल आणि वर्षाप्रमाणे बदलतो, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा घेऊ नका.

सगळ्यात शेवटी स्विंगआर्म, आणि इथे घाई नको. गाडी फ्रेमखाली जॅक देऊन उचला, मागचं चाक जमिनीपासून सुटलं पाहिजे, आणि कुणाला तरी हँडल धरायला सांगा. चाक मागच्या कडेला दोन्ही हातांनी धरून आडवं ढकला, ओढा. नजर चाकावर नको. पिव्हॉटच्या टोकाशी ठेवा, जिथे शाफ्ट फ्रेममध्ये शिरतो. रबर थोडं दबणारच, ते हळूच दबतं आणि हळूच परत येतं, आवाज न करता. पण 'टक' असा आवाज आला किंवा शाफ्ट मोकळा सरकला, तर बुश गेलेत. टॉर्चने रबराची कड बघा. तडे दिसतील, किंवा गिअरबॉक्सच्या गळतीचं तेल पिऊन रबर फुगून लिबलिबीत झालेलं दिसेल. माझ्या एका मित्राच्या गाडीत नेमकं हेच निघालं. मेलेल्या रबरावर स्टॅबिलायझर बसवला तर रबराचा सगळा भार दांडीच्या टोकांच्या दोन छोट्या गोळ्यांवर (बॉल जॉइंटवर) येतो आणि त्या लवकर खुळखुळतात. त्यामुळे रबर आधी, दांडी नंतर. त्या मित्राच्या गाडीत नव्या रबरांनी अर्ध्याहून जास्त डोलणं गेलं, दांडी त्याने घेतलीच नाही.

एवढं करूनही सांध्यावरचा हेलकावा राहिला, तर खरेदीला लागा. पहिला प्रश्न वर्षाचा. २००९ मध्ये टूरिंगची फ्रेम पूर्ण नवी आली, स्विंगआर्म दणकट झाला, मागे १८० रुंदीचा टायर आला, इंजिनाची बैठकही बदलली. त्याआधीच्या गाड्यांना तिसऱ्या दांडीने जो फरक पडतो तो बसल्या जागी कळतो. २००९ नंतरच्या गाड्यांसाठीही दांड्या विकतात, पण माझं मत विचाराल तर तिथे तेच पैसे चांगल्या शॉकवर घाला. भारतात हार्लेची विक्री २०१० मध्ये सुरू झाली, त्यामुळे पुण्या-मुंबईत अधिकृत दुकानातून घेतलेल्या रोड किंग किंवा स्ट्रीट ग्लाइड नव्या फ्रेमच्याच. तिथून फोन करून 'एक लिंक पाठव' म्हणणाऱ्या भाच्याला मी हेच सांगितलं.

प्रकार मुख्यतः दोन. एक, गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला आणि फ्रेमला जोडणारी आडवी दांडी, दोन्ही टोकांना गोळीचे सांधे. दुसरा, मूळ रबराच्या जागी कडक युरेथेनचे बुश. युरेथेन बसवायला स्विंगआर्मचा पिव्हॉट उघडावा लागतो आणि थरथर फूटबोर्डात येते. ज्याला एकट्याने जोरात चालवायची आहे त्याने तो विचार करावा. जोडीने लांबचा प्रवास करणाऱ्याने दांडी घ्यावी. ती आडवी हालचाल अडवते, पण वर-खाली रबराला त्याचं काम करू देते. चांगली दांडी नीट बसवली असेल तर थरथरीत फारसा फरक पडत नाही.

दांड्यांतही निवड आहे. गोळीचे सांधे बघा: आत टेफ्लॉनचं अस्तर असेल तर शांत चालतात, आणि बाजारात मिळणाऱ्या मापाचे असतील तर झिजल्यावर बदलता येतात. पूर्ण दांडीच बदलावी लागणार असेल तर सोडून द्या. लांबी कमी-जास्त करता आली पाहिजे, एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे असतील तर उत्तम, कारण बसवलेल्या जागीच फिरवता येते. ब्रॅकेट किती बोल्टवर बसतं ते विचारा. एकाच बोल्टवर टांगलेलं ब्रॅकेट पिळवटतं. आणि खालून बसणारी वस्तू आहे, म्हणून तीन गोष्टी विक्रेत्याकडून लिहूनच घ्या: तेल काढायचे बूच मोकळे राहतात का, तुमच्या सायलेन्सरच्या क्लॅम्पला ती भिडते का, आणि जमिनीपासूनची उंची कमी होते का. तेल बदलायला दरवेळी दांडी सोडावी लागली तर दोन वर्षांत एखादे आटे नक्की जातील. गिअरबॉक्सचं कवच अॅल्युमिनियमचं आहे, हे विसरू नका.

बसवणं अवघड नाही, फक्त एक नियम पाळायचा: दांडीने इंजिनाला ओढायचं नाही की ढकलायचं नाही. जॅकवर टांगलेल्या गाडीत इंजिन आपल्या खऱ्या जागी नसतं. म्हणून ब्रॅकेट बसवून झालं की गाडी चाकांवर उभी करा, इंजिन सुरू करून थोडा वेळ चालू द्या, बंद करा, गाडी मागे-पुढे हलवा. रबर आपल्या जागी बसतं. मग दांडी लावा. शेवटचा बोल्ट हातोडीशिवाय, पान्याशिवाय, नुसत्या बोटाने आरपार गेला पाहिजे. अडतोय? लांबी अर्धा फेरा कमी किंवा जास्त करा, परत बघा. गुळगुळीत गेला की लॉकनट आवळा. आवळताना दोन्ही टोकांचे सांधे एकमेकांना समांतर राहतील असे धरा, नाहीतर नटाबरोबर एक टोक फिरतं आणि गोळी कडेला टेकते. आवळून झाल्यावर दांडी दोन बोटांत धरून पिळा. ती दोन्हीकडे सारखी, किंचित डुगडुगली पाहिजे. एका बाजूला अडत असेल तर लॉकनट सोडून पुन्हा.

अॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टचे आटे ब्रेक क्लीनरने धुऊन निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारं, पण पान्याने सुटणारं चिकट द्रव) लावा आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) वापरा, आकडा दांडीबरोबर आलेल्या कागदावरचा. लाल लॉकटाइट नको. पुढे गिअरबॉक्स उघडणारा माणूस शिव्या देईल, आणि तो माणूस बहुधा तुम्हीच असाल.

मग इंजिन सुरू करा. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता, आरसे पूर्वीसारखेच हलायला हवेत. आयडलला किंवा ५५-६० च्या वेगाला फूटबोर्डमध्ये नवी गुणगुण आली, तर दांडी कुठेतरी इंजिनाला खेचते आहे. लांबी परत जुळवा. वरची आणि पुढची कंपनीची दांडीही त्याच दिवशी तपासा, कारण त्यांचे सांधेही तितकेच जुने असतात आणि मागे कडक केल्यावर पुढची ढिलाई लगेच जाणवते.

पहिल्या मोठ्या फेरीनंतर सगळे बोल्ट एकदा पान्याने बघा, आणि पुढे तेल बदलताना दरवेळी दांडी हाताने हलवून बघायची सवय ठेवा. गोळीत खुळखुळ आली की सांधा बदला, दोन्ही टोकांचा एकदम.