खलनायकाच्या तोंडून परीकथा लिहिताय? या चुका टाळा

दादरला दर रविवारी मी कथालेखनाचा वर्ग घेते. प्रत्येक बॅचमध्ये तीन-चार जण दुष्ट राणीची बाजू मांडायला बसतात आणि पहिल्याच परिच्छेदात तिचं बालपण करपलेलं असतं. बाप दारुडा, आई गेलेली. कृपा करून हे करू नका.

हीच चूक मी केलेली आहे. गिरगावातल्या एका चाळीत, गणपतीत, मुलांना हिमगौरीची गोष्ट राणीच्या तोंडून सांगत होते. राणी बिचारी, एकटी, आरशापुढे रडणारी. पुढ्यात बसलेली सातेक वर्षांची मुलगी म्हणाली, "पण मावशी, तिने काळीज मिठात शिजवून खाल्लं ना?" ते मी गाळलं होतं. पुढची गोष्ट कुणी ऐकलीच नाही.

जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या कथेत ती खातेच. काळीज रानडुकराचं, पण तिला ते हिमगौरीचं वाटतं. मग ती सात डोंगरांपलीकडे तीनदा जाते: एकदा चोळीची नाडी घेऊन, एकदा विषारी फणी, शेवटी सफरचंद. आपल्या लक्षात सफरचंद तेवढं राहतं. अहो, फणीवाल्या फेरीला निघताना बाईच्या मनात काय चाललंय, ते लिहा! १८१२च्या पहिल्या आवृत्तीत तर ती सख्खी आई आहे. सावत्र झाली १८१९मध्ये. सख्खी ठेवून एक पान लिहून बघा, हात अडखळतो.

झोपलेल्या राजकन्येला शाप देणारीला वेगळं दुःख कशाला हवं? राजाकडे सोन्याची ताटं बारा, म्हणून तेराव्या बाईला बोलावणंच नाही. भावकीतल्या लग्नाचं आमंत्रण चुकलेल्या कुणालाही विचारा.

हिमगौरीला कपटी करून राणी भली ठरत नाही. राणीला मालिकेतल्या सासूसारखं बोलायला लावू नका. आणि नुसता सिनेमा बघून लिहायला बसणाऱ्यांचं लिखाण मी वाचत नाही, परत देते. मूळ गोष्ट वाचायला अर्धा तास लागत नाही, तेवढाही धीर नसेल तर कठीण आहे.

मी पाठकोऱ्या कागदावर खलनायकाने काय काय केलं तेवढंच ओळीने लिहिते, कारणं नाहीत. तो कागद आठवडाभर पर्समध्ये असतो. लोकलमध्ये काढून वाचते.

एका विद्यार्थ्याने काऊ-चिऊची गोष्ट अशी लिहिली. शेणाचं घर वाहून गेलंय, कावळा दार ठोठावतोय, आतून "थांब, माझ्या बाळाला तीट लावते." परत ठोठावतो, परत "थांब." कावळ्याची एकही तक्रार नाही. त्याला आतून फक्त पावडरचा वास येत होता.