वाळूत उतरण्याआधी टायरच्या हवेची तयारी

डिसेंबरात पुण्या-मुंबईहून जैसलमेरच्या वाळूसाठी निघणाऱ्या गाड्यांमध्ये गाडी ओढायचा पट्टा, तो अडकवायची लोखंडी कडी म्हणजे शॅकल, फावडं, रुतलेल्या चाकाखाली घालायचे रिकव्हरी बोर्ड असं सगळं नीट भरलेलं असतं. टायरमध्ये हवा परत भरायचं यंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर किंवा पंप, मात्र बऱ्याचदा शेवटच्या आठवड्यात, नुसती किंमत बघून मागवलेलं असतं. मला हा क्रम बदलायला हवा असं मनापासून वाटतं. वाळूत गाडी चालते ती मुख्यतः टायरमधली हवा कमी केल्यामुळे. टायर लांबट पसरतो, गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक खाली खणत जात नाही. हवा कमी करायची हे ठरलेलंच असतं, आणि डांबरावर चढण्याआधी ती परत भरायची हेही तितकंच ठरलेलं. पट्टा कदाचित पिशवीतून बाहेरही येणार नाही, कॉम्प्रेसर रोज संध्याकाळी लागेल.

समच्या वाळूच्या टेकड्या जैसलमेर शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर आहेत. तेवढं अंतर १५ पीएसआयच्या (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं एकक) टायरवर रस्त्याच्या वेगाने कापलं तर टायरची कड प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि आतले थर सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. पुढे दोन दिवसांनी, परतीच्या हायवेवर पूर्ण वेगात असताना तो टायर फुटू शकतो. ‘गावातल्या पंक्चरवाल्यापर्यंत हळूहळू जाऊ’ या भरवशावर हवा काढू नका.

पहिलं काम घरी, कागद-पेन घेऊन करायचं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा पुढचा आणि मागचा दाब लिहून घ्या. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नसतो. त्याखाली टायरचा साइज लिहा. आता हिशेब असा. २४५/७५ आर १६ किंवा २५५/६५ आर १८, म्हणजे थारवर येणारे दोन्ही साइज, यांच्या पोटात साधारण ६० लिटर जागा असते. जिम्नीच्या १९५/८० आर १५ मध्ये ३५ लिटरच्या आसपास. दाब सुमारे १५ पीएसआयने वाढवायचा तर टायरच्या पोटाएवढी मोकळी हवा आत ढकलावी लागते. थारचे चारही टायर १५ वरून ३२ वर न्यायचे म्हणजे २७५ ते २८० लिटर हवा झाली, जिम्नीला १६० ते १७०. यंत्र निवडताना हाच आकडा हातात हवा, बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं.

कारण खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला ‘१५० पीएसआय’ हा आकडा आपल्या काहीच कामाचा नाही. आपल्याला ३५ च्या पुढे जायचंच नाही. बघायचं ते मिनिटाला किती लिटर, आणि तेही कोणत्या दाबाला. बहुतेक खोक्यांवर शून्य दाबाचा आकडा असतो, म्हणजे पाइप मोकळा सोडल्यावर किती हवा निघते तो. टायरमध्ये ३० पीएसआय झाल्यावर प्रवाह त्याहून बराच कमी असतो. चांगल्या कंपन्या दोन्ही आकडे देतात, आणि ज्या देत नाहीत त्यांच्याबद्दल सावध राहिलेलं बरं. सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट असं, लिहिलं असेल तर २८ ने गुणा, लिटर मिळतील. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप प्रत्यक्षात मिनिटाला १५-२० लिटर देत असेल, तर थारच्या चार टायरना १५ ते २० मिनिटं सलग लागतील, आणि तेवढं सलग तो चालणार नाही. मध्ये थांबून थंड करावा लागेल. मिनिटाला ६० लिटर खरोखर देणारा पंप तेच काम पाच मिनिटांत करतो. पाइप एका चाकावरून दुसऱ्यावर नेण्याचा वेळ धरला तरी दहा मिनिटांत गाडी तयार.

याला जोडूनच ‘ड्यूटी सायकल’ वाचा. ५० टक्के लिहिलं असेल तर जितका वेळ चालला तितकाच वेळ विश्रांती द्यायची असते. हा आकडा ज्या तापमानाला मोजलेला असतो त्यापेक्षा दुपारच्या वाळूवर जास्त गरम असतं, म्हणून पंप थेट वाळूवर कधीच ठेवू नका. तळाची वाळू तापलेली असते आणि हवा आत घेणाऱ्या फिल्टरमध्ये तीच ओढली जाते. रबरी पायपुसणं अंथरा, गाडीच्या सावलीत ठेवा. मोटर तापल्यावर आपोआप बंद पाडणारं संरक्षण त्यात आहे का, हे विकत घेतानाच विचारा.

यानंतर वीज, कारण पंप नापास होतात ते बहुतेक इथेच. डॅशबोर्डवरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे तिथून १२० ते १८० वॉटच्या वर काही मागता येत नाही. जरा ताकदीचा पंप २० ते ३० अँपिअर खातो, दोन सिलिंडरचा त्याहूनही जास्त. तो चिमटे लावून थेट बॅटरीवरच चालवायला हवा, आणि इंजिन सुरू ठेवूनच. तारेची जाडी बघा. ३० अँपिअरसाठी जाऊन-येऊन ६ मीटर तार २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेतच सव्वा व्होल्ट पडतो, ६ चौरस मिलिमीटरची असेल तर अर्धा व्होल्ट. व्होल्ट पडला की मोटर रखडते आणि हवा कमी देते. स्वस्त पंपाच्या तारेत तांब्याचा फक्त मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. चालू पंपाची तार पाच मिनिटांनी हाताला चांगलीच गरम लागली तर ती बदलून घ्या. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला.

आता सुटा पंप की गाडीत कायम बसवलेला? वर्षातून दोन-तीन मोहिमा करणाऱ्यांनी सुटा, बॅटरीच्या चिमट्यांवरचा, चांगल्या प्रतीचा पंप घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो दुसऱ्या गाडीला देता येतो, गाडी विकली तरी आपल्याकडे राहतो, बिघडला तर उघडून बघता येतो, आणि त्यासाठी गाडीच्या वायरिंगला हात लावावा लागत नाही. नव्या गाडीची वॉरंटी असताना ही शेवटची गोष्ट लहान नाही. बसवलेल्या कॉम्प्रेसरचं पारडं जड होतं ते दोन कारणांनी. दर शनिवार-रविवारी हवा काढ-भर करत असाल तर बॉनेट उघडून पाइप जोडला की झालं, डिकी उपसायला नको. आणि डिफरन्शियलला हवेवर चालणारे लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारी यंत्रणा) असतील तर बसवलेला कॉम्प्रेसर लागतोच. ऑस्ट्रेलियातल्या एआरबीसारख्या कंपन्यांचे छोटे कॉम्प्रेसर मूळचे लॉकरसाठी आहेत, टायर भरणं हा त्यांचा जोडधंदा. फक्त लॉकरपुरता कॉम्प्रेसर घेतला तर टायर भरताना तो रडत चालेल, हे आधीच माहीत असू द्या.

बसवायचाच असेल तर जागेचा विचार मेकॅनिकवर सोडू नका, स्वतः उभे राहा. इंजिन बे गरम असतो, म्हणून एक्झॉस्टपासून लांबची जागा बघा. पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीकडच्या वाटांवर ओढे ओलांडत असाल तर फिल्टर पाण्याच्या संभाव्य पातळीच्या वर न्या. हवा घेण्याचं तोंड वेगळ्या पाइपने उंच नेता येतं. सीटखालची जागा थंड आणि कोरडी, पण आवाज आणि थरथर सहन करावी लागते. रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच), वेगळा फ्यूज आणि प्रेशर स्विच (ठरलेल्या दाबाला पंप बंद करणारा) हे तिन्ही हवेतच.

बाकीचे पर्याय थोडक्यात. बॅटरीवरचे हातात मावणारे पंप शहरात एखाद्या टायरला चार-पाच पीएसआय घालायला छान, चार मोठे टायर १५ वरून वर आणणं त्यांच्या बॅटरीला झेपत नाही. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर, म्हणजे एसीच्या कॉम्प्रेसरचं रूपांतर, हवा भरपूर देतो, पण त्याच्या तेलाची व्यवस्था समजणारा कारागीर हवा. यॉर्क कंपनीच्या जुन्या कॉम्प्रेसरमध्ये स्वतःचं तेल असतं. सँडनसारख्या कंपन्यांचे एसीच्या वायूबरोबर फिरणाऱ्या तेलावर चालतात, त्यामुळे हवेसाठी वापरताना वेगळं तेल द्यावं लागतं. २० लिटरची हवेची टाकी १२० पीएसआयला भरली तरी ३५ पर्यंत वापरण्याजोगी हवा जेमतेम ११५ लिटर, म्हणजे थारचे दोन टायरही पूर्ण नाहीत. तिचा खरा उपयोग रिममधून सुटलेला टायर एका झोतात परत बसवायला होतो. त्या कामासाठी पेट्रोल किंवा स्प्रे पेटवून टायर बसवण्याचे व्हिडिओ फिरतात, ते कृपया करू नका.

अमेरिकेत कार्बन डायऑक्साइडची टाकी लोकप्रिय आहे. साडेचार किलो द्रवापासून २४०० लिटरच्या आसपास वायू मिळतो, थारला सात-आठ वेळा पुरेल एवढा, शिवाय वीज लागत नाही आणि वेग कुठल्याही छोट्या पंपापेक्षा जास्त. आपल्याकडे मात्र अशा सिलिंडरना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत. मान्यता देणारी पेसो ही केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे. मान्यताप्राप्त सिलिंडर, तपासणीची तारीख आणि वाटेत भरून देणारा विक्रेता, एवढं जुळलं तरच हा विचार करा. शिवाय ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. उन्हात उभ्या बंद गाडीत, माणसं बसतात त्या जागेत, तो सिलिंडर मी ठेवणार नाही. गळती झाली तर बंद केबिनमध्ये जीव गुदमरू शकतो.

यंत्र ठरलं की जोडीच्या वस्तू. पाइप चारही चाकांपर्यंत आणि मागच्या दारावरच्या स्टेपनीपर्यंत पोचतो का, हे प्रत्यक्ष लावून बघा. बॅटरी पुढे असल्यामुळे चार मीटरच्या गाडीलाही साधारण सात मीटर पाइप लागतो. पंपावरच्या गेजवर विसंबू नका, वेगळा गेज घ्या आणि चारही टायर त्याच एका गेजने मोजा. हवा काढायला व्हॉल्व्हची पिन काढणारं डिफ्लेटर घेतलंत तर काडीने पिन दाबत वाळूत बसावं लागत नाही. चार-पाच जादा पिना, टोपण्या, पंक्चरच्या रबरी पट्ट्यांचं किट, साबणाच्या पाण्याची बाटली आणि हातमोजे एका डब्यात ठेवा. जिप्सी किंवा जुनी जीप असेल आणि आत ट्यूब असेल तर दाब फार खाली नेऊ नका. टायर रिमवर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते.

निघण्याच्या दोन आठवडे आधी एक रंगीत तालीम करा. सोसायटीच्या आवारात चारही टायर १५ वर आणा, घड्याळ लावा आणि परत भरा. पंप किती तापला, फ्यूज टिकला का, जोडणीतून हवा गळते का, सगळं कळतं. एखादी वस्तू बदलायची झाली तर हाताशी दिवस असतात. वाळूचा सराव करायचा म्हणून कोकणातल्या किंवा गोव्यातल्या किनाऱ्यावर गाडी घालू नका. एकतर कारवाई होते, आणि ऐन थंडीत तिथे ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात.

स्पिती किंवा लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट टिपून घ्यावी. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे बाहेरच्या हवेचा दाब पुण्यापेक्षा सुमारे ४ पीएसआयने कमी, म्हणून तेवढाच टायर गेजवर ४ ने जास्त दाखवतो. त्याच वेळी दर साडेपाच अंश थंडीला जवळपास १ पीएसआय उतरतो. दोन्ही एकमेकांना बऱ्यापैकी खातात, म्हणून पोचल्यावर घाईने हवा काढू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा. पंपालाही विरळ हवा मिळते, घरी दहा मिनिटं लागली असतील तर तिथे पंधरा धरा.

चार-पाच गाड्यांचा ताफा असेल तर ताकदीचे दोन पंप पुरतात, पण ते वेगवेगळ्या गाड्यांत असू द्यात. कोण आधी भरणार हे सकाळीच ठरवा. लांब जायचं आहे आणि लहान मुलं आहेत ती गाडी पहिली. पंप डिकीच्या तळाशी नको, टेंट आणि बॅगांच्या वर ठेवा. वाळूत दाब कमी असताना जोरात वळू नका, आणि बीडलॉक (टायर रिमला घट्ट पकडून ठेवणारी कडी) नसताना १२ च्या खाली जायचं टाळा. संध्याकाळी भरताना टायर गरम असतात, त्यामुळे ३२ दिसलं तरी थंड झाल्यावर ते दोन-तीनने कमी भरेल. हॉटेलात पोचलात की पंप आवरून टाकू नका. सकाळी गाडी हलवण्याआधी त्याच गेजने पुन्हा मोजा, स्टिकरवरच्या आकड्याला आणा, टोपण्या घट्ट लावा आणि मग बाडमेरचा रस्ता धरा.