मोहेगनवर पहिली डाइव्ह: आधी पाण्याची वेळ बघा

लंडनहून न्यूयॉर्कला निघालेली ‘मोहेगन’ ही आगबोट १४ ऑक्टोबर १८९८ च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या मॅनॅकल्स खडकांवर आदळली आणि पाव तासाच्या आत बुडाली. १०६ माणसं गेली. त्यातली बरीच जवळच्या सेंट केव्हर्नच्या चर्चच्या आवारात एकाच थडग्यात पुरलेली आहेत. डाइव्हच्या आदल्या दिवशी तिथे जाऊन याच, म्हणजे खाली कशाला हात लावायचा नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

अवशेष साधारण २० ते ३० मीटरवर आहेत. त्यामुळे ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर किंवा त्या तोडीचं प्रशिक्षण हवंच. तारकर्लीच्या उबदार पाण्यात शिकलेल्यांनी ड्रायसूटचा (आत पाणी न शिरू देणारा, हवा भरलेला सूट) सराव आधी उथळ पाण्यात करावा, कारण इथे ऑगस्टमध्येही पाणी १६-१७ अंशांच्या आसपास असतं. सूटमधली हवा पायांकडे गेली की माणूस उलटा होऊन वर खेचला जातो. अशा वेळी गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची, डोकं वर आलं की लगेच खांद्याचा व्हॉल्व्ह उघडायचा. हे अंगवळणी पडेपर्यंत मोहेगनचं बुकिंग करू नका.

सगळं गणित पाणी थांबण्याच्या वेळेवर आहे. खडकांमधून ओढ जबरदस्त असते आणि ती थांबण्याची वेळ बंदरातल्या भरती-ओहोटीच्या वेळेशी जुळतेच असं नाही. ती स्थानिक स्किपरलाच विचारा. उधाणाच्या दिवसांत ही सवड फार थोडी मिळते. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी, भांगाच्या भरतीला, ती सर्वात जास्त असते. शॉटलाइनचा (अवशेषांपर्यंत सोडलेली वजनाची दोरी) बोया पाण्याखाली ओढला जात असेल तर उतरायचं नाही. बोटीवर तयार होऊन थांबा, पाणी तुमच्यासाठी थांबणार नाही.

हवेचा हिशेब असा. १२ लिटरचा सिलिंडर, २३२ बार, त्यातले ७० बार राखीव. उरली सुमारे १,९४० लिटर. मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला २५ मीटरवर, दाब साडेतीनपट असल्याने, ७० लागतात, म्हणजे जेमतेम २७ मिनिटं. थंडीत आणि ओढीत त्याहूनही कमी. नायट्रॉक्स ३२ ने (३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण) विना-डिकम्प्रेशन वेळ, म्हणजे वर येताना सक्तीने थांबावं न लागता खाली राहण्याचा वेळ, वाढतो, हवा वाढत नाही, शिवाय ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बारच्या मर्यादेने त्याची खोली ३३ मीटरपर्यंतच.

खाली अख्खं जहाज दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. पत्रे आणि फासळ्या खडकांत मिसळून गेल्या आहेत. सरळ कड किंवा रिव्हेटची ओळ दिसली की ते जहाज समजा. दोन माणसांहून उंच बॉयलर मात्र चुकत नाहीत. त्यांच्या तोंडांत शिरू नका, लोखंड कुजलेलं आहे आणि आत काँगर ईल हा सापासारखा मोठा मासा असू शकतो. तुटलेल्या गळाची तंगूस जवळ जाईपर्यंत दिसत नाही, म्हणून कटर छातीवर, दोन्ही हातांना पोचेल असा लावा.

परतताना शॉटलाइन सापडली नाही तर ओढीविरुद्ध पोहून शोधत बसू नका, तिथेच हवा संपते. सरफेस मार्कर (वर जाऊन तुमची जागा दाखवणारा फुगा) सोडा, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा आणि वाहत जा. बोट मागोमाग येते. तो मार्कर जाड हातमोजे घालून सोडता आला पाहिजे.