काठीच्या होळीला जाताना

जळगाव-धुळ्याकडून नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावाला जाणारे बरेच जण होळी पेटलेली न बघताच परत फिरतात. आपल्याकडे होळी संध्याकाळी पेटते, तेच डोक्यात असतं. काठीची राजवाडी, म्हणजे तिथल्या जुन्या संस्थानाची होळी मात्र रात्रभराच्या नाचानंतर पहाटे पेटते. तेव्हा रात्र तिथेच काढायची, हे ठरवूनच निघा.

नंदुरबारहून अक्कलकुवा, तिथून मोलगी आणि पुढे काठी. घाटरस्ता उजेडातच चढा. गाडीत इंधन अक्कलकुव्यातच भरून घ्या. शाल, पाणी, बॅटरी आणि दशम्या सोबत असू द्या. मार्च असला तरी डोंगरात पहाटे गारठा असतो. फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून सगळ्यांनी कुठे भेटायचं ते आधीच ठरवा.

होळीत वेश करून नाचणारे बावा आणि बुध्या यांच्याशी कसं वागायचं, ते नीट समजून घ्या. अंगावर राखेचे किंवा पिठाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. नवख्याला ही सजावट वाटते, पण तो नवस असतो. नवस करणारे होळीआधी काही दिवस पाळणी करतात : ब्रह्मचर्य पाळायचं, खाटेवर झोपायचं नाही, पायात काही घालायचं नाही. फोटोसाठी खांद्यावर हात टाकलात, तर त्यांच्या पाळणीत तुम्ही लुडबूड करता. हात लावू नका, टोप मागून घालू नका, नाचणाऱ्यावर नोटा ओवाळू नका. फोटो विचारूनच काढा आणि अंधारात फ्लॅश बंद ठेवा. रिंगणात कुणी बोलावलं तरच शिरा. मग शेजारच्याचं पाऊल बघत, त्याच्या चालीनं चाला. ढोलाची लय हळूहळू वाढते, घाई केली की पाय चुकतो.

होळीच्या आधीच्या आठवड्यात त्या-त्या गावच्या बाजाराच्या वारी भोंगऱ्या बाजार भरतो. डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार अशी होळीची खरेदी तिथे होते. ‘पोरं-पोरी पळून जायचा बाजार’ असं त्याचं वर्णन वर्षानुवर्षं छापून आलंय. आदिवासी समाजाला ते अपमानास्पद वाटतं आणि त्यांचा राग रास्त आहे. तुम्ही काही लिहिणार असाल, तर तसं लिहू नका. ‘आदिवासी नृत्य’ असं मोघमही नको. समोरची माणसं भिल्ल, पावरा, मावची की कोकणा, ते त्यांनाच विचारा आणि ते सांगतील तेच नाव लिहा. बोलीही प्रत्येकाची वेगळी आहे.

जाण्याआधी इतिहासही थोडा माहीत करून घ्या. इंग्रजांनी जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याकरवी १८२५ मध्ये भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण उभी केली, तिचं ठाणं आपल्या धरणगावात होतं. सातपुड्यातल्या सेंधव्याच्या घाटाची राखण करणारे भिल्ल पुढारी खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांवर उलटले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला मोठी लढाई झाली आणि पकडलेल्या भिल्लांना गोळ्या घातल्या गेल्या. १९३०च्या दशकात तळोद्याकडे गुला महाराजांनी दारूबंदीची चळवळ उभारली. त्यांचे अनुयायी एकमेकांना ‘आप की जय’ म्हणत. गावातल्या जाणत्या बाबांपाशी बसलात, तर यातलं एखादं नाव काढा. मग मात्र मध्ये बोलू नका, ऐका.